रहाट

दीड हात बर्फ धरल्याशिवाय ट्रक उतरवायचा नाही,
एवढं एकच बैकालवर माझ्या शब्दाने चालायचं.
बाकी सगळं प्रोफेसरबाईंच्या:
कुठे भोक पाडायचं, किती दोर सोडायचा,
कुठल्या काचगोळ्याला कुठला नंबर,
आणि चहात साखर नको, जॅम.

भोक पडलं की मी आधी त्यात दूध शिंपडायचो,
आम्हा बुर्यातांची रीत.
बाई थांबायच्या. घड्याळ न बघता.

पहिल्याच हिवाळ्यात मी विचारलं होतं,
"तैसिया अर्कादियेव्हना, तारे तर वर असतात."
म्हणाल्या, "वर फार गलका आहे, दुगार.
खाली अख्खी पृथ्वी गाळणीसारखी धरलेली आहे.
तिच्यातून जे गळून येईल
तेवढंच आपलं."

विहिरीवरचा रहाट पाणी वर आणतो.
आमचा उलटा.
कलिंगडाएवढे काचेचे डोळे
एकाखाली एक ओवून हजार मीटर खाली सोडायचे,
जिथे सूर्य कधी गेलेला नाही.
काचेच्या आत, नळीच्या तोंडाशी, चिकट पारदर्शक जेल.
डोळ्यात तेल घालून जागणं
मी तिथे पाहिलं. शब्दशः.

कशासाठी, तर एक कण.
वजन असून नसल्यासारखं, कुणाशी ओळखदेख नाही,
डोंगरातून, माझ्यातून, माझ्या टोपीतून आरपार जातो
आणि कुणाला धक्का लागत नाही.
क्वचित, फार क्वचित, पाण्यात कुठे ठेचकाळतो.
तेव्हा एक निळी रेघ.
पापणी लवायच्या लाखाव्या भागाइतकी.

सत्त्याऐंशीत एक गोळा दाबाने फुटला,
त्याच्या हादऱ्याने शेजारचे तीन.
वर आम्हाला फक्त बुटांच्या तळव्यांना कळलं.
बाईंनी वहीत चार आकडे खोडले,
पट्टी लावून, सरळ.

त्र्याण्णवला पगार आला तो बश्यांच्या रूपात.
दोन खोकी, निळ्या काठाच्या.
हुशार पोरं जर्मनीला गेली, जास्त हुशार बँकेत.
बाई इर्कुत्स्कच्या स्टेशनबाहेर उभ्या राहिल्या,
विद्यापीठाचा बिल्ला आत, कोटाखाली,
बश्या विकल्या आणि रहाटासाठी डिझेल घेतलं.
एक बशी ठेवली.
जॅमसाठी.

वर्षानुवर्षं परिषदांमध्ये त्या सांगत राहिल्या
की काय काय दिसलं नाही,
आणि किती अचूकपणे दिसलं नाही.
मला वाटायचं, हे कसलं सांगणं.
पण मासेमारी मीही केली आहे.
रिकाम्या जाळ्याचीही एक खोली असते.

मग एका रात्री फोन.
"दुगार, दोन वर्षांपूर्वी, अठरा ऑगस्टला पहाटे
तू कुठे होतास?"
पोलिसासारखं.
मी वही काढली. ऑगस्ट, बर्फ नाही, तळं मोकळं.
लिहिलं होतं: ओमुल मिळाला नाही. मोटरीचा पट्टा बदलला.

"मी दाच्यावर काकड्या मुरवत होते," त्या म्हणाल्या.
"तीनशे कोटी वर्षं चालत आला, दुगार,
सरळ आपल्या दारात,
आणि आपण दोघंही घरी नव्हतो."
हसल्या की रडल्या सांगता येत नाही.
लाइन खराब होती.

त्यानंतर आणखी दोन हिवाळे आल्या.
गुडघे गेले होते, स्लेजवर बसवून आणायचो,
मांडीवर वही, वहीवर बशी.
शेवटच्या दिवशी विचारलं,
एकूण किती दोर सोडलास रे आजवर?
मी रात्रभर हिशेब केला.
चारशे साठ किलोमीटर. जास्तच, कमी नाही.
"म्हणजे इथून उलान-उदेपर्यंत,"
त्या म्हणाल्या, "पण खाली."

शोधनिबंधात शेवटी, आभारांत, माझं नाव आहे.
एक अक्षर चुकलं होतं.
बाईंनी माझ्या प्रतीत ते दुरुस्त करून दिलं,
आधी खोडून,
पट्टी लावून, सरळ.

यंदा त्या येणार नाहीत. नवी पोरं आली आहेत,
त्यांच्याकडे बर्फाची जाडी सांगणारं यंत्र आहे.
तरी सकाळी मी जातो, भोक पाडतो, काठी घालतो.

सव्वा हात.
अजून नाही.