अकरा महिने

तेहतीस वर्षं मी दुसऱ्यांच्या दारात उभा राहिलो,
टॉर्च, पेन आणि बोर्डाची वही घेऊन.
कुत्रं बांधलंय का विचारायचं,
जिन्याखाली वाकून मीटरचा आकडा उतरवायचा,
कुणी पाणी विचारलं तर नको म्हणायचं.
मग फंड हातात आला.
सांगलीत, विश्रामबागेत, दुसऱ्या मजल्यावर
हॉल, किचन आणि एक बेडरूम माझ्या नावावर झालं.
सुलभा म्हणाली, आता तुमच्या दारात कुणीतरी उभं राहील.

पहिले बिरनाळे. औषधांच्या कंपनीत.
त्यांनी डिपॉझिट मोजून दिलं, मी परत दोनदा मोजलं
आणि त्याच आठवड्यात गीझर आणला. आमच्याच घरी.
डिपॉझिट म्हणजे दुसऱ्यानं सांभाळायला दिलेली पिशवी,
हे कळायला मला अकरा महिने लागले.
त्यांची सोलापूरला बदली झाली
आणि मी पतसंस्थेच्या काउंटरवर
जामीनदाराची वाट बघत.
त्या थंडीत गीझरचं पाणी
मला कधी पुरेसं तापलेलं वाटलं नाही.

नंतर घर रिकामं. मार्च, एप्रिल, मे.
संध्याकाळी जाऊन मीटर बघून यायचो.
आकडा जागचा हलायचा नाही.
नोकरीत असं मीटर दिसलं की म्हणायचो, इथं चोरी आहे.
इथंही होतीच.
महिने चोरीला जात होते.

एजंट चौगुलेनं जिन्यातूनच वर पाहिलं.
"काका, ती 'फक्त शाकाहारी' पाटी काढा.
महिन्याला साडेसात हजार खाती ती.
मटण स्वस्त पडंल."
पाटी निघाली, चार स्क्रूंची भोकं राहिली.
त्यात मी पांढरी टूथपेस्ट भरली.

नर्गिस पटवेगार आली, मिरजेत नर्स,
बरोबर आई आणि शिलाई मशीन.
मशीनला मोटर आहे का, मी विचारून बसलो.
"पायाचं आहे," ती म्हणाली, आणि हसली.
करार करताना माझा अंगठा यंत्रावर उमटेना,
पुसला, फुंकला, कपाळावर घासला.
तिचा पहिल्याच खेपेला उमटला.
कलम सात: राहणाऱ्या व्यक्ती दोन.
ते मीच घालायला लावलं होतं.

बाथरूमचं छत गळायला लागलं.
वरचे गोसावी म्हणाले, आमचं नव्हे.
प्लंबर म्हणाला, पाण्याचं खरं धरू नका,
शिरतं एकीकडं, टपकतं दुसरीकडं.
अठ्ठावीसशे घेऊन गेला.
थेंब आठ दिवसांनी परत आला, जरा डावीकडं.
नर्गिसनं खाली बादली ठेवली
आणि त्याच पाण्यावर कढीपत्ता वाढवला.

मग कृष्णेनं पुलावरचे आकडे ओलांडले तो आठवडा.
पाणी किती फूट, एवढंच जो तो विचारत होता.
खालून फोन आला, तुमच्याकडं गर्दी झालीय.
सुलभानं भाकरी बांधून दिल्या,
कलम सातबद्दल अवाक्षर काढलं नाही.

दाराबाहेर चपला. मोजल्याच मी. नऊ.
एक एकटीच होती, चिखलाची, लहान मुलाची.
दुसरी किल्ली माझ्या खिशात होती.
मी बेल वाजवली,
टॉर्च नसलेला हात कुठं ठेवावा कळेना.
"येऊ का?"
आतून तिची आई म्हणाली, "विचारताय काय, घर तुमचंच."
गावभागातली मावशी भिंतीला टेकून बसली होती,
मांडीवर रेशनकार्ड वाळत घातलेलं.
नर्गिसनं तांब्या पुढं केला.
नको म्हणायला तोंड उघडलं,
आणि प्यालो.

एक तारखेला भाडं आलं, पूर्ण.
हजार कमी द्या म्हटलं, तर म्हणाली,
"करारात नाही तसं."
काय बोलावं सुचलं नाही. पावती फाडली.

त्या रात्री उतरताना सवयीनं वाकलो.
मीटरचा लाल दिवा भराभर लुकलुकत होता,
वर कुणाच्या तरी आंघोळीचं पाणी तापत असणार.
खिशात पेन होतं.
आकडा तेवढा उतरवला नाही.