शेऱ्याचा रकाना

माझगावच्या त्या गल्लीत
भिंत होताना कुणाला दिसली नाही.
विटा आल्या नाहीत, गवंडी आला नाही,
ओळंबा लावला नाही कुणी.
आलं ते तीन पात्यांचं धूड,
बावीस मीटर खाली उतरलं
आणि होती तीच माती
जागच्या जागी घोटत बसलं.
सिमेंट, बेंटोनाइट, पाणी;
पिठल्याची गुठळी मोडेपर्यंत घोटावं तसं.

वर आलेला चिखल काळा, शिंपल्यांचा.
एकदा त्यातून अर्धी बशी निघाली,
निळ्या काठाची.
बुधन मुर्मूने ती धुतली
आणि मशीनच्या काचेशी उभी केली.
कुणाची असेल, मी विचारलं.
समुद्र भरला त्यांची, तो म्हणाला.

माझं काम नळकांड्यांचं.
ओली भिंत साच्यात भरायची,
वर मार्करने तारीख टाकायची,
अठ्ठावीस दिवस पाण्यात ठेवायची,
मग तिच्यातून पाणी किती जातं ते बघायचं.
जातंच.
शून्य कधी येत नाही.
दहाचा उणे नववा घात, असं लिहितो आम्ही.
म्हणजे आज निघालेला थेंब पलीकडे पोचेल
तेव्हा पावसकर साहेब रिटायर झालेले असतील.
हे पावसकर साहेबच सांगतात, हसून.

नकाशावर भिंत म्हणजे लाल रेघ.
रेघेच्या आत तीन तळघरं, चारशे गाड्या.
रेघेबाहेर गोदी, भरती,
आणि चार मीटरवर
सिप्रियन मिस्किटांची विहीर.
टेकडीवरून उतरणारं गोडं पाणी
आता रेघेशी अडतं, वळसा घेतं, भलतीकडे जातं.
समुद्राला मात्र कुणाची आडकाठी नाही.

रोज सकाळी मी टेप सोडते, बीप ऐकते.
म्हातारा कठड्याला टेकून विचारतो, "किती?"
मी आकडा सांगते.
तो पोहरा ओढतो, एक घोट
तोंडातच धरून ठेवतो.
तीन आठवडे काही बोलला नाही.
चौथ्या सोमवारी म्हणाला,
"बाय, पेजेत आता मीठ घालाया नको."

मीटर अजून मर्यादेच्या आत होता.

पाणी कुठेतरी मुरतंय, म्हणतात लोक,
संशय आला की.
मला तर पगारच त्याचा मिळतो.
पण इथे काही मुरत नाही:
भिंतीला तडा नाही, खड्डा कोरडा,
आत माणसं चपला घालून फिरतात.

रजिस्टरात शेवटचा रकाना शेऱ्याचा.
तो रिकामा सोडायचा नाही,
"काही नाही" असं लिहायचं, ही पद्धत.

मी पोहरा मागितला.
तारीख, वेळ, पातळी चार पूर्णांक सहा,
आणि पेन उघडं धरून
घोट जिभेवरून उतरेपर्यंत थांबले.
पुढच्या प्लॉटवर बुधनचं मशीन सुरू झालं होतं,
कठडा बारीक थरथरत होता.

लिहिलं: पेजेला मीठ लागत नाही.

संध्याकाळी साहेबांनी वाचलं,
एकदा माझ्याकडे बघितलं, सही केली.
तारीख चुकली त्यांची.
मी दुरुस्त केली नाही.