गुलझरीनचा पाय

फुजैराच्या सनायात, शेड नंबर नऊ.
भर दुपार. पाना हातात धरवत नाही,
ओलं फडकं गुंडाळून धरतो.

दोन टर्बो : धाकटा चुळबुळ्या,
थोरला उशिरा जागा होणारा.
थोरल्याच्या पुढे, धुराच्या नळीत
बसवतोय ब्रेकची झडप.
गॅरेजात तिला फुलपाखरू म्हणतात,
ओतीव लोखंडाचं, एकाच पंखाचं.

"मिटलं की काय होतं?" गुलझरीन विचारतो.
"इंजिनाचं नाक दाबलं जातं.
मग चाकं ऐकतात."
तो हसत नाही. मार्चमध्ये मसाफीच्या उतारावर
ड्रम लाल झाले होते,
मागे चाळीस टन खडी.

आमचे अब्बा कुंभार्ली घाटात एसटी चालवायचे.
म्हणायचे, ज्या गिअरात चढलास
त्याच गिअरात उतर.
व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा कडक घातल्या मी,
क्लँप दोनदा आवळला.

संध्याकाळी खाणीवरून भरून उतरलो.
फुलपाखरू मिटलं.
घसा खाकरावा तशी गाडी घरघरली
आणि वेग ओसरत गेला.

खाली पोचल्यावर गुलझरीन
बराच वेळ केबिनमधून उतरेना.
उजवा पाय थरथरत होता त्याचा,
अठरा वर्षांत पहिल्यांदा
उतारावर रिकामा.