मुद्देमाल क्रमांक सतरा

पारोळा कोर्टाच्या मागच्या खोलीत
गुटख्याची अकरा पोती, एक सायकल,
बोरीच्या पात्रात पकडलेल्या ट्रॅक्टरची नंबरप्लेट,
आणि या सगळ्यात, खोक्यात कापूस घालून ठेवलेला
वीतभर उंचीचा मिसरी माणूस.
रंग मोरचुदाचा. हात छातीशी. दोन हातांत दोन कुदळी.
पावतीवर मी लिहिलं : बाहुली, निळी, एक.

ठाकरसीशेठ जिनवाले सव्वीस साली
लांब धाग्याचं बी आणायला बोटीनं अलेक्झांड्रियाला गेले.
बी आपल्या काळीत रुजलं नाही.
हा आला, राहिला.

आता माजी आमदार बोरसे म्हणतात, साठीला मला भेट दिला,
फोटो आहे, हार आहे, हा बघा.
शेठचा नातू म्हणतो, प्रदर्शनापुरता दिला होता, भेट कसली!
नगराध्यक्षबाईंना तो हवा बागेतल्या संग्रहालयात,
ज्याची अजून नुसती कोनशिला आहे.
आणि दिल्लीहून मिसरच्या वकिलातीचं पत्र :
कबरीतून उचललेलं परत करावं.
आमदार चॅनेलवाल्यांना म्हणाले,
"आधी लंडनहून आमचं आणून दाखवा, मग मिसरचं बघू."
टाळ्या. पुढची तारीख.

पुण्याहून एक बाई आल्या भिंग घेऊन.
पायांवरची चित्रं वाचत बोटानं खाली खाली गेल्या.
म्हणाल्या, हा देव नाही, राजा नाही. गडी आहे.
धन्याबरोबर पुरलेला,
मेल्यावरही धन्याला शेतात राबावं लागू नये म्हणून.
असे तीनशे पासष्ट, रोजाला एक,
आणि दर दहांवर एक मुकादम.
हाक आली की यानं उठायचं, पाट भरायचे,
या काठाची वाळू त्या काठाला न्यायची,
आणि म्हणायचं, मी आहे.

वाळू म्हणताच मी नंबरप्लेटीकडे पाहिलं.

माझा बाप उखा, एकतीस वर्षं सालदार.
आखाजीला साल संपायचं, आखाजीलाच दुसरं लागायचं,
मधे एक दुपार, झोक्यांची, सांजोऱ्यांची.
ओट्यावरून हाक आली
की काम काय ते कळायच्या आधीच म्हणायचा,
"आठेच शे, बापू."
शेवटच्या तापातही म्हणाला.
कुणी हाक मारली नव्हती.

काल पुकारा झाला. चौघांचे वकील उभे राहिले.
हा टेबलावर, खोक्यात.
पक्षकारांच्या यादीत याचं नाव नाही.

संध्याकाळी मोजदाद करून मी कुलूप लावतो.
त्या खोलीत हल्ली हळू बोलतो,
शिपायालाही नावानं बोलावत नाही.
न जाणो, हा उठायचा.