टेंभुर्णीहून क्लच प्लेट

गाडी आधी अँब्युलन्स होती.
लिलावात घेतली, दोन माग विकून.
आत आता गादी, शेगडी, पाण्याचा पिंप,
खिडकीला आमच्याच मागावरच्या टॉवेलांचे पडदे.
लाल खुणेवर दोन हात पांढरा मारला,
तरी ऊन तिरकं पडलं की अधिकचं चिन्ह वर येतं,
आणि सोलापूर सुटल्यापासून ट्रकवाले बाजू देत राहिले.
मोहोळला एका म्हातारीने हात जोडले.
यांनीही जोडले.
मी मागे बसून चहा सांडला.

निघालो होतो समुद्राला.
यांना कुणी सांगितलेलं, श्रीवर्धनला
सुपारीच्या वाडीत झोपलं तरी लाटा ऐकू येतात.
चाळीस वर्षं मागापाशी काढलेल्या कानांना
येतील का, ते मी विचारलं नाही.
यांनीही नाही.

टेंभुर्णीला केळी घ्यायला म्हणून आत वळलो.
कंदरच्या अलीकडे क्लच गेला.
मुलाणी मेकॅनिक खाली शिरला, बाहेर आला,
म्हणाला, येमूलकाका, प्लेट उद्या येईल.
उद्या म्हणजे तीन दिवस, हे त्याच्या तोंडावरच होतं.

रस्त्याच्या दोन्ही अंगाला केळीच केळी,
घडांना निळ्या पिशव्या,
आणि केळी संपतात तिथे पाणी.
उजनीचं. पल्याडचा काठ धुरकट, नसल्यासारखा.
चप्पल हातात घेऊन हे घोट्यापर्यंत गेले,
ओंजळभर तोंडात घेतलं
आणि गावभर ऐकू जाईल असं ओरडले,
सरोजना, गोडं आहे गं!
जणू कुणीतरी फसवलं होतं.

भानवसे बागवाल्याने विजेची वायर दिली.
दुपारभर मी केळीच्या सावलीत.
बोटं आपोआप पानाची कड गुंडाळत होती,
रोजच्या हजार विड्यांची सवय,
आत तंबाखू नाही, दोरा नाही, नुसतीच गुंडाळी.

लग्न झालं तेव्हा यांची रात्रपाळी.
मी पहाटे उठायचे, हे येऊन आडवे व्हायचे.
एकच गादी.
तिला आम्ही कधी गार होऊ दिलं नाही,
पण तिच्यावर दोघं मिळून
किती रात्री झोपलो, ते बोटांवर मोजता येईल.
इथे स्ट्रेचरच्या जागेत, अडीच फुटांत,
यांचं कोपर माझ्या बरगडीत,
आणि घोरणं पत्र्याला लागून परत येणारं.

दुसऱ्या रात्री दार वाजलं.
बॅटरीच्या उजेडात एक पोरगा, अनवाणी.
मावशी, वहिनीला कळा सुटल्यात, करमाळ्याला न्यायचंय.
मी म्हटलं, ही अँब्युलन्स नाही रे.
मग म्हटलं, आणि बंदही आहे.
दोन्ही खरं होतं
आणि दोन्ही सांगताना जीभ जड झाली.
यांना शब्दही ऐकू आला नव्हता.
उठले, पोराचं तोंड पाहिलं,
आणि गादी गुंडाळायला लागले.

केळीची पिकअप आली.
क्रेटं भराभर खाली उतरली,
आमची गादी वर गेली, गादीवर ती,
डोळे मिटलेली, ओठात पदराचं टोक.
मागचा लाल दिवा केळीत शिरला तो दिसेनासा झाला.

उरलेली रात्र प्लायवर.
हे म्हणाले, आता काय ऐकू येतंय तुला?
काठाशी पाणी हलत होतं, उगाच, लहान लहान.
मी त्यांच्या तळहातावर बोटाने तसं करून दाखवलं.
बराच वेळ.
बोट थांबलं की हात पुढे करायचे.

मुलगी झाली म्हणे. गादी आली नाही.
असली गादी परत मागत नाहीत.
भानवस्यांनी एक घड दिला,
तो सलाईनच्या आकड्याला टांगला.

चौथ्या दिवशी प्लेट बसली.
टेंभुर्णीच्या चौकात हे थांबले.
उजवीकडे पुणे, पुढे समुद्र. डावीकडे सोलापूर.
इंजिन चालू, हात स्टिअरिंगवर,
आणि माझ्याकडे पाहतायत.
मागच्या ट्रकने हॉर्न दाबला, लांबलचक.
मग ऊन तिरकं झालं असावं.
तो गप्प झाला
आणि थांबून राहिला.