अकरा किलो

फळी धामणीची. सहा फूट लांब, दोन इंच रुंद, पाऊण इंच जाड.
वखारीतला इरफान शाब्दी म्हणाला,
धामण आता मागतं कोण? कुऱ्हाडीच्या दांड्याला तेवढी.
मी म्हणालो, धनुष्य करायचंय.
त्यानं कानावरची पेन्सिल काढली, परत ठेवली
आणि चाळीस रुपये कमी केले.

सत्तावीस फळ्या उपसल्या होत्या तोवर,
एकेक डोळ्यापाशी धरून, बंदुकीसारखी.
रेष बघायची असते.
या टोकाला निघालेली रेष त्या टोकाला पोचली पाहिजे,
मध्येच कडेला पळून न जाता.
तीस वर्षं मागावर जॉबर होतो मी,
तुटका ताणा अंधारातसुद्धा बोटाला लागतो.
पण सूत तुटलं तर गाठ मारून माग चालू होतो.
इथं गाठ दिसली की फळीच बाजूला.
लाकडाला नुसता ताणा. बाणा नाही.

घरी नागमणीनं विचारलं, एंदुकू?
कशाला, याचं उत्तर माझ्याकडं दोन्ही भाषांत नव्हतं.
कुणाला मारायचंय?
कुणाला नाही.
मग गच्चीवर जा, खाली भुसा नको.

गच्चीवर एप्रिल.
पाण्याचे तीन ड्रम, दोन रिकामे, नळाला अजून दोन दिवस.
मध्ये मुठीपुरती जागा सोडली,
टोकांकडं निमुळतं आखलं शिंप्याच्या खडूनं.
आधी रंधा, मग कानस, मग फुटक्या बाटलीची काच.
काच सगळ्यात हळू खाते.
केसासारखा कीस पडतो, वाऱ्यानं ड्रमात जातो, बोलणी बसतात.
काढायचं ते पोटाकडून.
पाठीला हात लावायचा नाही, ओढ तीच सोसते.

भिंतीत खुंटी, खुंटीवर मूठ, कप्पीतून दोरी.
ओढायचं आणि लांब उभं राहून बघायचं.
समोरच्या गच्चीवरून शिवलिंग ओरडला,
काय बे, वाळत घातलं काय?

डावी बाजू ढिम्म.
उजवीला वीतभर जागेत गुडघा फुटला.
मी काच घेऊन थेट त्या गुडघ्यावरच गेलो,
जिथं दुखतं तिथंच हात जातो ना.
चूक. तीन दिवसांनी कळलं.
जास्त वाकतंय तिथलं काढायचं नसतं.
ताठ असेल तिथलं काढत बसायचं,
अख्ख्या धनुष्यानं त्या दुबळ्या जागेपर्यंत यायचं.

वीस किलोचं ठरवलं होतं.
सुताचे कोन तोलायचा लटकता काटा दोरीला अडकवला: सतरा.
मग साडेचौदा.
बुधवारी तेरा, आणि गुडघा आहे तिथंच.
शनिवारी दोन्ही बाजू सारख्या वाकल्या,
काट्याकडं बघायचं मन होईना.
अकरा.

प्रत्यंचा मात्र चादरीच्या सुताची, अठरा पदरी,
मेण चोळून पीळ दिलेली. ती पहिल्याच फटक्यात जमली.
हे मुद्दाम लिहून ठेवतो.

बाण वेळूचा, टोक बोथट, मागं पारव्याची तीन पिसं.
पोत्यात मागाचं वेस्टेज ठासून कठड्याला टेकवलं.
सकाळचे सहा, ऊन अजून पलीकडच्या पत्र्यावर.
मी नेम धरला आणि तसाच थांबलो.
आण इकडं, नागमणी म्हणाली.
विड्या वळून वळून पिवळी पडलेली तिची बोटं
दोरीवर अशी बसली, जणू तिथलीच.
तिनं ओढलं. लाकूड करकरलं.
मी डोळे मिटले.

धप्प.
भरलेल्या ड्रमाला लागून बाण कुठंतरी जिन्यात गेला.
पोतं जागच्या जागी, हसल्यासारखं.

दोरी उतरवली तरी धनुष्य पुरतं सरळ झालं नाही,
बोटभर वाकूनच राहिलं.
मी ते उन्हाकडं धरून उलटसुलट बघत बसलो,
अजून कुठं काच फिरवता येईल.
ती कंबरेवर हात ठेवून उभी.
बघत काय बसलात?
चढवा परत.
आणि तो बाण आणा की.