वाचून

नार्व्यात, नदीच्या या काठावर,
मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी
मी मोठ्या माणसांना एस्टोनियन शिकवते.
पलीकडे दुसरा देश, दुसरा किल्ला,
वर्गातल्या सगळ्यांच्या तोंडी पलीकडचीच भाषा.
चौदा विभक्त्या फळ्यावर लिहिते,
खडूचा चुरा बाहीवर घेऊन घरी जाते.

अर्कादी मागच्या बाकावर बसायचा.
वय एकसष्ट. तीस वर्षं सूतगिरणी,
मग गिरणीला कुलूप.
परीक्षेत दोनदा नापास.
पाणी : वेसी. पाण्याचं : वे. पाण्यात : वेस.
चौथ्या रूपाशी आला की खिडकीबाहेर बघायचा,
जणू उत्तर तिथं बर्फात पडलंय.

जानेवारीत तो शब्द आणायला लागला,
मी न दिलेले.
सलगम. कुदळ. कुंपण.
'पैसे पुरेसे नाहीत.'
'शेजारीण आज उदास आहे.'
कुठून आणलेस, विचारलं, तर लाजला,
वाईट सवय कबूल करावी तसा म्हणाला,
मुलीचा तिमोफेई तार्तूला शिकायला गेला,
त्याचं खेळाचं यंत्र मागं राहिलं.
त्यात एक शेत आहे.

मी हसले. खरं तर रागावले.
बटणं दाबून भाषा येत असती
तर आमच्या इमारतीतल्या लिफ्टमध्ये
एव्हाना सगळे पंडित झाले असते.
हे मी बोललेही.
तो वहीत काहीतरी लिहीत राहिला.

मग एका गुरुवारी त्यानं सांगितलं :
खेळात तो मासे धरत बसला,
तीन दिवस शेताकडे फिरकला नाही.
परतला तर सलगमांची पानं काळी,
आणि पडद्यावर एक शब्द.
तो त्यानं उभं राहून म्हटला.
वेता.
पाण्यावाचून.
तेरावी विभक्ती. मी पाच वेळा शिकवलेली.
ती त्याला बारा मेलेल्या सलगमांनी शिकवली,
पुस्तक वाचून नाही,
पुस्तकावाचून.

तरी माझी शंका मिटली नाही.
खेळानं शिकवलं, की रात्रीच्या त्या फ्लॅटनं,
जिथं दुसरं कुणी बोलत नाही?
मासा दिला की ती शेजारीण रोज
तीच तीन वाक्यं बोलते, कंटाळत नाही.
मी कंटाळते. मला घड्याळ आहे.
तिथं चुकलं तर कुणाची भुवई वर जात नाही.
त्या आठवड्यात मी माझ्या भुवया
आरशात नीट बघितल्या.

आणि हेही सांगायला हवं :
झिनाइदानं तोच खेळ घेतला,
दोन महिने खेळली.
तिला भोपळे उत्तम येतात.
भाषा नाही.

मे महिन्यात तोंडी परीक्षा. दार अर्धं उघडं.
तुमच्या दिवसाबद्दल सांगा, परीक्षक म्हणाली.
सकाळी उठतो. सलगमांना पाणी घालतो.
शेजारणीला मासा नेऊन देतो.
तुमचं शेत आहे?
नाही. पाचवा मजला.
आत कुणीतरी खोकलं.
मग, कुणी विचारलं नसताना,
त्यानं ती तेरावी विभक्ती
त्या शेतात कधीच न उगवलेल्या शब्दाला लावली.
नाइसेता.
बायकोवाचून.
चार वर्षं.
रूप बिनचूक होतं.
मी बाहेर भिंतीला टेकून उभी होते,
पहिल्यांदाच मला तपासावंसं वाटलं नाही.

लेखी भागात तीन गुण कमी पडले.
निकालाचा कागद घेऊन तो वर्गात आला,
तेव्हा मी सांत्वनाची वाक्यं जुळवत होते,
कर्ता, कर्म, क्रियापद.
त्यानं टोपी काढली. तोंड पाडलेलं नव्हतं.
विचारलं, पुन्हा सुरू करायचं तर
अगदी पहिल्यापासून,
की शेवटचं जिथं साठवलं होतं तिथून?

मी खडू शोधायला लागले.